तीन टक्के कोंबडी

सिंगापूरमध्ये ह्यूबर्स बुचरी नावाचं मटण-चिकनचं एक मोठं दुकान आहे. मे २०२४ मध्ये तिथल्या फ्रीजरमध्ये एक नवं पाकीट आलं. १२० ग्रॅम चिकन, किंमत ७.२० सिंगापूर डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेचारशे रुपये. कोंबडी न कापता टाकीत वाढवलेलं चिकन कोणीही उठून दुकानातून घरी आणावं, हे जगात पहिल्यांदा तिथे घडलं. बातम्या झाल्या, फोटो झाले. मात्र घटकांचा तपशील वाचला की कळायचं, या चिकनमध्ये कोंबडीच्या पेशी आहेत फक्त ३ टक्के. बाकी बहुतेक वनस्पतींची प्रथिनं. १२० ग्रॅमचे ३ टक्के म्हणजे ३.६ ग्रॅम. किलोभर चिकनच्या रश्शात आपण याच्या कितीतरी पट मीठ टाकतो.

कंपनीने काही लपवलं नव्हतं, टक्केवारी तिनेच जाहीर केली होती. प्रश्न आहे तो ३ टक्केच का, हा. त्याचं उत्तर नीट उमगलं की या धंद्याची गोम कळते, म्हणून आपण त्याच्याच मागे जाऊ.

आधी एक गोंधळ दूर करतो. सोया चाप किंवा फणसाची बिर्याणी म्हणजे मांसाची नक्कल. खाताना मांसासारखं वाटतं, असतं वनस्पती. लॅबमध्ये वाढवलेलं मांस मात्र खरोखरचं मांस असतं. पेशी कोंबडीच्या, डीएनए कोंबडीचा, प्रथिनं कोंबडीची. फक्त त्या पेशी कोंबडीच्या अंगात वाढल्या नाहीत, स्टीलच्या टाकीत वाढल्या. त्यामुळे 'हे शाकाहारी आहे का हो?' या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही.

घरी दही लावणाऱ्याला यातली अर्धी कृती आधीच ठाऊक आहे. चमचाभर विरजण, कोमट दूध, झाकण, उबदार कोपरा, आणि रात्रभर वाट बघणं. इथे विरजणाच्या जागी असतात जिवंत पेशी. त्या जनावराच्या स्नायूतून सुईने घेता येतात, अंड्यातून घेता येतात, किंवा एकदा निवडून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या साठ्यातून काढता येतात. स्नायूच्या तंतूंना चिकटून काही पेशी एरवी झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि जखम भरून काढतात. पहिल्यांदा व्यायामशाळेत जाऊन आल्यावर चार दिवस अंग दुखतं आणि मग स्नायू भरू लागतो, त्यात या पेशींचा हात असतो. अशा पेशी निवडायच्या आणि पोषकद्रवात सोडायच्या. या द्रवात ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार असतात, आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप देणारी काही प्रथिनं असतात. तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं, हवा खेळती ठेवायची.

पेशी साधारण दिवसातून एकदा दुप्पट होते असं धरा. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तिसाव्या दिवशी शंभर कोटींच्या वर, चाळिसाव्या दिवशी एक लाख कोटींच्या वर. एवढ्या पेशींचं वजन दोन-तीन किलो भरतं. एका पेशीपासून चाळीस दिवसांत दोन-तीन किलो! कागदावर हे गणित बघून गुंतवणूकदारांचे डोळे दिपले तर नवल नाही.

गंमत अशी की आपल्याकडचा ब्रॉयलर पक्षीही चाळीस दिवसांच्या आतबाहेरच दोन किलोंवर जातो. त्याला स्टीलची टाकी लागत नाही.

विरजणाची उपमा मोडते ती इथे. दह्यातले जिवाणू चिवट असतात. ते झपाट्याने वाढतात आणि स्वतःच आंबटपणा तयार करून इतर जंतूंना दूर ठेवतात. म्हणून आजीने लाकडी चमच्याने ढवळलं, पातेलं नुसतं विसळून घेतलं, तरी दही लागतं. प्राण्याची पेशी त्यापुढे अगदी नाजूक. तिला जंतूंपासून वाचवायला शरीर नाही, प्रतिकारशक्ती नाही. टाकीत एक जरी जिवाणू शिरला आणि तो दर वीस मिनिटांनी दुप्पट झाला, तर पेशी एकाची दोन होईपर्यंत त्याच्या बहात्तर पिढ्या झालेल्या असतात. टाकी नासते. सगळी ओतून द्यायची, धुवायची, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या टाक्यांना डेअरीची स्वच्छता पुरत नाही, इंजेक्शनच्या कारखान्याची लागते.

औषध कंपन्यांना हे तंत्र काही नवं नाही. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी टाक्यांत वाढवून त्या कर्करोगावरची, संधिवातावरची महागडी औषधं वर्षानुवर्षं बनवत आल्या आहेत. पण ते औषध मिलिग्रॅमवर विकलं जातं. एका इंजेक्शनला हजारो रुपये येत असतील तर टाकीचा खर्च परवडतो. आपल्याला मात्र ती टाकी वापरून असं काहीतरी बनवायचंय, जे नाक्यावरच्या दुकानात अडीचशे रुपये किलोच्या आसपास मिळतं.

जरा त्या कोंबडीकडे टाकी म्हणून बघा. ती स्वतःचं तापमान स्वतः राखते. तिची फुप्फुसं आणि रक्त प्रत्येक पेशीपर्यंत प्राणवायू पोचवतात. पेशी वाढताना अमोनिया आणि लॅक्टिक आम्लासारखा कचरा टाकतात; कोंबडीचं यकृत आणि मूत्रपिंड तो निकालात काढतात, टाकीत तो साचतो आणि पेशींनाच मारतो. जंतूंशी लढायला तिच्याकडे पांढऱ्या पेशींचं सैन्य आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिचं पोट. ती मका आणि सोयापेंड खाते, दीड-पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वजन कमावते. टाकीतल्या पेशीला मका चालत नाही. मक्यातलं ग्लुकोज आधी वेगळं काढून द्यावं लागतं, सोयाबीनमधली प्रथिनं फोडून अमिनो आम्लं शुद्ध करून द्यावी लागतात. जे काम कोंबडीचं आतडं फुकट करतं, त्यासाठी इथे दुसरा कारखाना उभारावा लागतो. उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षं घालून आणि पोल्ट्रीवाल्यांनी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत निवडक पैदास करून बनवलेल्या या यंत्राशी भावात टक्कर द्यायची आहे. ३ टक्क्यांचं कारण हे.

खर्च उतरला नाही असं मात्र नाही, प्रचंड उतरला. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये पत्रकारांसमोर एक बर्गर तळला गेला. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या मार्क पोस्ट यांनी गाईच्या पेशींपासून स्नायूंचे सुमारे वीस हजार बारीक धागे वाढवून तो बनवला होता. रंग फिका वाटू नये म्हणून बिटाचा रस आणि केशर घातलं होतं. खर्च अडीच लाख युरो, तेव्हाचे साधारण दोन कोटी रुपये, आणि पैसे गूगलच्या सर्गेई ब्रिन यांचे. चाखणाऱ्यांचं मत पडलं की लागतो मांसासारखा, पण कोरडा आहे, चरबी हवी होती. बरोबरच होतं, त्यात चरबीची एकही पेशी नव्हती.

त्या बर्गरच्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, त्यात गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सिरम होतं. गाभण गाय कत्तलखान्यात आली की तिच्या पोटातल्या गर्भाचं रक्त काढून ते बनवतात. जनावर न मारता मांस मिळावं म्हणून हा खटाटोप, आणि त्याचं खाद्यच कत्तलखान्यातलं! शिवाय महाग. तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी सिरमशिवाय पेशी वाढवण्याची युक्ती साधली आहे. वाढीचा निरोप देणारी प्रथिनं आता यीस्ट किंवा जिवाणूंकडून बनवून घेता येतात, जसं मधुमेहींचं इन्सुलिन बनतं. गेल्या दहा-बारा वर्षांतली या क्षेत्राची ही सगळ्यात खरी कमाई, असं मी म्हणेन.

तरी मोठ्या कारखान्याचा हिशोब जमेना. डेव्हिड हम्बर्ड या केमिकल इंजिनिअरने २०२१ मध्ये टाक्या, वीज, द्रव, माणसं असं सगळं धरून आकडेमोड प्रसिद्ध केली. बऱ्याच गोष्टी मनासारख्या घडल्या असं मानूनही पेशींचा नुसता लगदा किलोला ३७ डॉलरच्या खाली येईना. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या सीई डेल्फ्ट या संस्थेने २०३० पर्यंत किलोमागे सहा डॉलरच्या आसपास जाता येईल असं मांडलं, पण त्यासाठी आज हाती नसलेल्या बऱ्याच गोष्टी हाती आल्या असं धरलं होतं. मला हम्बर्डचा हिशोब अधिक पटतो, कारण नंतर जे घडलं ते त्याच्याच बाजूने साक्ष देतं.

नंतर काय घडलं ते सांगायचं तर उमा वालेतींपासून सुरुवात करावी लागेल. जन्म विजयवाड्याचा, शिक्षण पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय महाविद्यालयात, पुढे अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञ. लहानपणी शेजारच्या घरी वाढदिवसाला गेले असता पुढच्या अंगणात जेवणावळ आणि मागच्या अंगणात कापाकापी असं दृश्य त्यांनी पाहिलं, आणि ते डोक्यातून गेलं नाही, असं ते सांगतात. पुढे हृदयविकाराच्या रुग्णांच्या हृदयात मूळपेशी सोडण्याचे प्रयोग करताना त्यांना वाटलं, हृदयाचा स्नायू असा वाढवता येत असेल तर ताटातला का नाही? २०१५ मध्ये त्यांनी कंपनी काढली. तिचंच आजचं नाव अपसाइड फूड्स. जून २०२३ मध्ये अमेरिकेने या कंपनीला आणि गुड मीटला, म्हणजे सिंगापूरच्या त्या पाकिटामागच्या कंपनीला, टाकीतलं चिकन विकायची परवानगी दिली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या बार क्रेन या उंची रेस्टॉरंटमध्ये अपसाइडचं चिकन वाढलं जाऊ लागलं.

ते होतं चिकनचा अखंड तुकडा. आणि अखंड तुकडा हीच या विद्येतली सगळ्यात अवघड परीक्षा. आपल्या मांसात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, म्हणून आतल्या पेशी जगतात. टाकीतल्या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू बाहेरून झिरपतो तो मिलिमीटरचा अंशभरच, त्याच्या पलीकडच्या पेशी गुदमरतात. यावर उपाय म्हणून सोयाच्या प्रथिनांचा सच्छिद्र सांगाडा बनवतात, कोणी पेशी थरावर थर छापतात, कोणी पालकाच्या पानातल्या सगळ्या पेशी धुऊन काढून उरलेल्या शिरांचं जाळं रक्तवाहिन्यांसारखं वापरून बघितलंय. सुचायला डोकं लागतं खरं! पण तोवर सोपा आहे तो खिमा आणि नगेट. नळी चोखायची हौस असेल त्याने इकडे फिरकू नये. अपसाइडचा तो अखंड तुकडा मोठ्या चकचकीत टाक्यांमधून येत नव्हता, छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत हाताने थर वाढवून, खरवडून बनत होता, असं काही महिन्यांतच पत्रकारांनी उघड केलं. पुढे रेस्टॉरंटमधली ती विक्रीही थांबली.

पैशांचा ओघही आटला. २०२१ मध्ये जगभरातून या कंपन्यांमध्ये सुमारे १३० कोटी डॉलर आले होते. त्याच वर्षी मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०३० पर्यंत ही बाजारपेठ अडीच हजार कोटी डॉलरची होऊ शकेल असा अंदाज दिला, आणि 'वाढती बाजारपेठ' हे शब्द प्रत्येक बातमीत आले. २०२४ मध्ये आलेली गुंतवणूक १४ कोटी डॉलरच्या आसपास. बिलीव्हर मीट्स या कंपनीने अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये वर्षाला १२ हजार टनांचा, या क्षेत्रातला सगळ्यात मोठा म्हणून गाजलेला कारखाना बांधला, सरकारी परवानग्या मिळवल्या, आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला. १२ हजार टन ऐकायला मोठं वाटतं. जगात वर्षाला सुमारे ३६ कोटी टन मांस तयार होतं. भागाकार केला तर त्या कारखान्याचं वर्षभराचं उत्पादन जग साधारण अठरा मिनिटांत संपवेल.

तेव्हा बाजारपेठ वाढतेय हे खरं, पण ती परवानग्यांच्या यादीत वाढतेय. इस्रायलने जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या पेशींच्या स्टेकला हिरवा कंदील दाखवला. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये असं चिकन दुकानात आलं, पण कुत्र्यांसाठी. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये व्हाऊ कंपनीच्या, लावरी या पक्ष्याच्या पेशींपासून बनवलेल्या मांसाला परवानगी दिली. अमेरिकेत वाइल्डटाइपचा सामन मासा ओरेगॉनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये मिळू लागला.

आणि एक दुसरी यादीही वाढतेय, बंदीची. इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा करून विक्रीवर ६० हजार युरोंपर्यंत दंड ठेवला. २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि अलाबामाने बंदी घातली, पुढच्या वर्षी टेक्साससह आणखी काही राज्यं त्यात आली. बंदी घालणारे बहुतेक पशुपालकांचं राजकीय वजन असलेले प्रदेश. ज्या वस्तूचा किलोभर साठाही राज्यात सापडला नसता, तिच्यावर बंदी घालून शेतकऱ्यांना वाचवल्याचं समाधान मिळवणं फार स्वस्तात पडतं.

हे खाणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न साहजिक आहे. लोकांना विशेष खुपतं ते असं की काही कंपन्या न थकता विभागत राहणाऱ्या पेशी वापरतात, आणि अमर पेशी म्हटलं की कर्करोग आठवतो. पण या पेशी शिजवल्यावर मरतात, पोटात गेल्यावर इतर मांसासारख्या पचतात. कोंबडीची पेशी आपल्या अंगात जाऊन रुजत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने २०२३ मध्ये अशा अन्नातल्या संभाव्य धोक्यांची यादी केली, तेव्हा त्यातले बहुतेक नेहमीच्या अन्नातलेच निघाले: जंतुसंसर्ग, ॲलर्जी, उरलेली रसायनं. उलट पोल्ट्रीचे स्वतःचे धोके आपण सवयीने विसरतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या, आणि राज्यभर लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली.

पर्यावरणाचा दावा मात्र मी जरा हात राखून ऐकतो. जमीन कमी लागेल, गाईंचा मिथेन टळेल, हे खरं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की पोषकद्रव औषधाच्या दर्जाइतकं शुद्ध करत बसलं, तर त्यातली वीज आणि प्रक्रिया धरून कार्बनचा भार बीफच्या चार ते पंचवीस पट होऊ शकतो. घटक खाद्यपदार्थाच्या दर्जाचे वापरले आणि वीज सौर-पवन असली तर चित्र पालटतं. म्हणजे निकाल पुन्हा त्या टाकीत काय ओततो यावरच.

धर्मशास्त्राने या बाबतीत विज्ञानापेक्षा लवकर पावलं उचलली. सिंगापूरच्या मुफ्तींनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, पेशी हलाल प्राण्याच्या असतील आणि घटक हलाल असतील तर हे खायला हरकत नाही. इस्रायलच्या एका मुख्य रब्बींनी त्याआधीच एका कंपनीच्या स्टेकला कोशर, म्हणजे ज्यू धर्माला चालणारं, ठरवलं होतं. आपल्याकडे असा एक निकाल कोण देणार? श्रावणात चालेल का, संकष्टीला चालेल का, हे घराघरातल्या स्वयंपाकघरातच ठरेल, आणि वेगवेगळं ठरेल.

भारतात हे मांस दुकानात मिळत नाही, पण काम चालू आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेला आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला यासाठी सुमारे साडेचार कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसोबत, म्हणजे माटुंग्याच्या आपल्या जुन्या यूडीसीटीसोबत, कर्जतला संशोधन केंद्राची घोषणा झाली. मुंबईची बायोक्राफ्ट फूड्स थ्रीडी छपाईने चिकन बनवण्याच्या मागे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बायोई३ या जैवतंत्रज्ञानाच्या धोरणात पर्यायी प्रथिनांना जागा मिळाली.

यात मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते कोचीचं काम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये नीट मीट बायोटेक या कंपनीशी करार केला, तो पापलेट आणि सुरमईसारख्या महागड्या माशांच्या पेशी वाढवण्यासाठी. ब्रॉयलर हा जगातल्या सगळ्यात स्वस्त यंत्रांपैकी एक. त्याच्याशी भावात भांडायचंच कशाला? भांडण अशा जिन्नसाशी काढावं, जो आधीच महाग आहे आणि दरसाल दुर्मीळ होतोय. ऑस्ट्रेलियाच्या व्हाऊने लावरीबाबत हेच केलं, चिकनच्या वाटेला न जाता उंची हॉटेलातला मेनू धरला. मोठं पापलेट आज किलोला हजाराच्या पुढे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, ते कौतुकापेक्षा काळजीपोटी, कारण अंडी घालण्याच्या वयाला पोचण्याआधीच पिल्लं जाळ्यात येतात ही सातपाटीच्या मच्छीमारांचीच जुनी तक्रार आहे. माशाच्या पेशींचा आणखी एक फायदा असा की त्या कमी तापमानालाही वाढतात, तेव्हा टाकी तापवत ठेवायचा खर्च कमी. अडचण अशी की कोंबडी-गाईच्या पेशींवर जगभर जेवढा अभ्यास झालाय, तेवढा पापलेटच्या पेशींवर कोणी केलेला नाही. काय खाऊन त्या खूश राहतात, इथपासून सुरुवात आहे.

यश आलं तरी हातात पडेल ती तुकडीच. तिला काटा नसेल, कल्ले नसतील, डोकं नसेल. तळायला ठीक, पण कालवण डोक्याशिवाय कसं होणार? कोचीच्या शास्त्रज्ञांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांच्याकडेही डोक्याचंच कालवण करतात.